लोकशाही : अर्थ आणि प्रकार

लोकशाही म्हणजे राज्यसत्तेचे मूळ लोकांमध्ये मानणारी शासनपद्धती. राज्य कोणी करायचे हे लोक ठरवतात आणि राज्य करणाऱ्याला ठरावीक मुदतीनंतर पुन्हा लोकांपुढे यावे लागते. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. निवडणुका अनेक हुकूमशहांनीही घेतल्या. आपण हरू शकू अशी निवडणूक मात्र त्यांनी सहसा टाळली.

'लोक' हा शब्द संस्कृत, तर 'शाही' फारसी. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही या नावांत 'शाही'च्या आधी राजघराणे येते. तिथे 'लोक' बसवले की अर्थ आपोआप उलगडतो.

प्रत्यक्ष लोकशाहीत नागरिक स्वतः एकत्र जमून निर्णय घेतात. तिचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचे. ख्रिस्तपूर्व ५०८च्या सुमारास क्लायस्थेनिस या नेत्याने केलेल्या सुधारणांनंतर तिथली सभा कायदे करू लागली आणि बरीचशी पदे चिठ्ठ्या टाकून भरली जाऊ लागली. स्त्रिया, गुलाम आणि परके मात्र या 'लोकां'त धरले जात नव्हते. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात आजही नागरिक चौकात जमून हात वर करून मतदान करतात. त्याच देशात स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळायला १९७१ उजाडले. भारतात ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले.

मुंबईकराला प्रत्यक्ष लोकशाही जवळून पाहायची असेल, तर सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहावी. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, मग मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते आणि गळतीच्या विषयावर तास जातो. इथे एका सभासदाला एकच मत. वन रूम किचनवाल्याचे मत तीन बेडरूमवाल्याच्या मताएवढेच भरते. बहुमताचा पेचही इथेच स्पष्ट दिसतो. इमारतीच्या पुनर्विकासासाठी पूर्वी तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागत असे. राज्य सरकारच्या २०१९च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ५१ टक्के पुरते. ठराव झाला की विरोधात हात वर केलेल्यालाही घर रिकामे करावे लागते. म्हणून त्याच्या तात्पुरत्या घराचे भाडे, नव्या घराचे क्षेत्रफळ आणि न्यायालयात जाण्याची वाट या गोष्टी शेजाऱ्यांच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

देशाच्या पातळीवर बहुमताविरुद्धचे असे संरक्षण मूलभूत हक्क आणि स्वतंत्र न्यायसंस्था देतात. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात दिला. हे संरक्षण सैल पडले की काय होते ते १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशाने अनुभवले. विरोधक तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण होते. पुढे १९७७च्या निवडणुकीत मतदारांनी ते सरकार घालवले.

मोठ्या देशात सगळ्यांना एका चौकात जमणे शक्य नसल्याने प्रातिनिधिक लोकशाही रूढ झाली. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडला जातो आणि विधिमंडळाचा विश्वास गेला म्हणून त्याला जावे लागत नाही. ब्रिटन आणि भारताच्या संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ कनिष्ठ सभागृहाला जबाबदार असते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले, ते याच नियमाने.

'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न अथेन्सपासून मुंबईपर्यंत चालत आला आहे. १८७२च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ६४ सदस्य आले. त्यांतले निम्मे सदस्य करदाते निवडून देत. बाकीच्या मुंबईला मत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि पुढे घटनेच्या कलम ३२६ने तो सर्वांना मिळाला. त्या मताधिकारावर झालेल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत ते स्वतः मुंबईतून पराभूत झाले, नंतर राज्यसभेवर गेले. मताधिकार पुरेसा नाही, हेही त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालू दिला तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. मुंबईत तो इशारा मतदानाच्या दिवशी डोळ्यांसमोर उभा राहतो. टॉवरमधला फ्लॅटमालक आणि त्याच टॉवरचा वॉचमन एका रांगेत असतात, दोघांच्या डाव्या तर्जनीला एकच शाई लागते, आणि संध्याकाळी एक एकविसाव्या मजल्यावर जातो, दुसरा झोपडपट्टीतल्या सार्वजनिक नळापाशी.

नागरिकाला सगळ्यांत जवळची असते ती स्थानिक लोकशाही, आणि मुंबईत तीच सगळ्यांत नाजूक आहे. महापालिकेचा कारभार आजही १८८८च्या कायद्याने चालतो. तो घडवण्यात मोठा वाटा असलेल्या फिरोजशहा मेहतांचा पुतळा महापालिकेच्या मुख्यालयासमोर उभा आहे. २२७ प्रभागांतून नगरसेवक निवडून येतात, ते महापौर निवडतात. कार्यकारी अधिकार मात्र राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. तुंबलेल्या नाल्यासाठी, फुटलेल्या जलवाहिनीसाठी रहिवासी ज्याचे दार वाजवतो तो नगरसेवक सभागृहात प्रश्न विचारू शकतो, आणि स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही, आयुक्तच प्रशासक राहिले. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांचे हजारो कोटींचे अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाने न वाचता, न विरोध करता मंजूर झाले.