थॉमस चषक स्पर्धेतील भारतीय संघ

थॉमस चषक स्पर्धेतील भारतीय संघ : पुरुषांच्या जागतिक सांघिक बॅडमिंटन स्पर्धेतील भारताचा संघ व त्याची कामगिरी. भारताने हा चषक एकदाच, १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे इंडोनेशियाला ३–० असे हरवून जिंकला. त्यापूर्वी भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नव्हता. मात्र १९५२, १९५५ आणि १९७९ या तीन वर्षी तो अंतिम सामन्यापासून एका विजयाच्या अंतरावर होता.

खेळाचा उगम : बॅडमिंटनच्या उगमाशी पुण्याचे नाव जोडले जाते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. पिसे खोवलेले फूल लहान फळ्यांनी उडवत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात फार पूर्वीपासून होता. त्यात दोन बाजू, मधली जाळी आणि गुणांचे नियम केव्हा व कोठे आले, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार एकोणिसाव्या शतकाच्या साधारण तिसऱ्या चरणात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी हे रूप घडवले. त्यामुळे ‘पूना’ हे नाव काही काळ प्रचलित होते. दुसरे मत इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील ड्यूक ऑफ बोफोर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्याला श्रेय देते. तेथील मेजवानीचे १८७३ हे साल वारंवार दिले जाते, पण ते परंपरेने चालत आलेले असल्याने जपूनच वापरावे. दोन्ही मते एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण दिसत नाही. नियमांची घडण हिंदुस्थानात झाली आणि नाव इंग्लंडमधील वाड्याचे चिकटले, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. तंजावर भागात फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरून खेळला जाणारा बॉल बॅडमिंटन हा याच कुळातला खेळ. इंग्लंडमध्ये बॅडमिंटन असोसिएशनची स्थापना १८९३ मध्ये झाली.

चषक व स्पर्धेची रचना : आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्ये हा चषक देऊ केला. ते स्वतः ऑल इंग्लंड या बॅडमिंटनमधील प्रतिष्ठेच्या स्पर्धेचे विजेते होते आणि बुद्धिबळातही नावाजलेले होते. युद्धामुळे स्पर्धा लांबली व पहिली स्पर्धा १९४८–४९ मध्ये झाली. तीत मलायाने डेन्मार्कला ८–१ असे हरवले.

सुरुवातीच्या दशकांत स्पर्धा तीन वर्षांनी होई. संघ भौगोलिक विभागांत आधी आपापसांत खेळत, विभागविजेते आंतरविभागीय सामन्यांत भेटत आणि त्यांतून उरलेला एकच संघ आधीच्या विजेत्याशी ‘आव्हान फेरी’ खेळे. म्हणजे विजेता संघ थेट शेवटच्या सामन्यात उतरे. प्रत्येक सामन्यात नऊ लढती असत. दोन्ही संघांचे पहिले दोन एकेरी खेळाडू परस्परांशी खेळत (चार लढती), तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंची एक लढत होई आणि दोन-दोन जोड्या एकमेकींशी खेळत (चार लढती). १९८४ पासून स्पर्धा दर दोन वर्षांनी होऊ लागली आणि लढती पाचवर आल्या, तीन एकेरी व दोन दुहेरी.

हा तपशील किरकोळ नाही, कारण भारताच्या नोंदीचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. नऊ लढतींच्या पद्धतीत एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळणारा तगडा खेळाडू एकाच सामन्यात संघाच्या तीन-चार गुणांना (जिंकलेली प्रत्येक लढत म्हणजे एक गुण) हातभार लावू शकत असे. पाच लढतींच्या पद्धतीत एकेरीतला जगज्जेताही संघाला एकेरीचा एकच गुण मिळवून देतो. शिवाय १९५२ व १९५५ ची भारताची कामगिरी आज याद्यांमध्ये ‘उपांत्य फेरी’ म्हणून दाखवली जाते. त्या काळी त्या टप्प्याला आंतरविभागीय अंतिम सामना म्हणत. त्यात हरलेला संघ आव्हान फेरीला मुकत असल्याने आजच्या भाषेत ‘उपांत्य’ म्हणणे चुकीचे नाही. पण वाटेत किती आणि कोणते संघ भेटले याची तुलना मात्र आजच्या स्पर्धेशी करता येत नाही.

१९५२ ते १९७९ : १९५२ मध्ये भारत आंतरविभागीय अंतिम सामन्यात अमेरिकेकडून आणि १९५५ मध्ये डेन्मार्ककडून पराभूत झाला. या कालखंडाचे प्रमुख नाव नंदू नाटेकर यांचे. १५ मे १९३३ रोजी सांगली येथे जन्मलेले नाटेकर १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकात खेळले. त्यांनी एकेरीच्या १६ पैकी १२ आणि दुहेरीच्या १६ पैकी ८ लढती जिंकल्या. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. नऊ लढतींच्या पद्धतीचा लाभ कसा होई, हे त्यांच्या दोन्ही प्रकारांतल्या आकड्यांवरून कळते. सांघिक कामगिरीच्या कोणत्याही इतिहासात त्यांचे स्थान आजच्यापेक्षा ठळक असायला हवे. १९७९ मध्ये भारत जकार्ता येथील अंतिम टप्प्यात पोहोचला आणि उपांत्य सामन्यात पुन्हा डेन्मार्ककडून हरला.

१९८० ते २०२१ : या चार दशकांत वैयक्तिक यश आणि सांघिक नोंद यांच्यात मोठी दरी दिसते. प्रकाश पदुकोण (१९८०) व पुल्लेला गोपीचंद (२००१) यांनी ऑल इंग्लंड जिंकली, पण संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. पाच लढतींची पद्धत आणि दुहेरीतली दुबळी बाजू हे याचे मुख्य कारण मानावे लागेल. २०१४ ची स्पर्धा नवी दिल्लीत झाली, तीत पुरुष संघ गटातच बाद झाला. महिलांनी उबेर चषक या त्यांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत २०१४ व २०१६ मध्ये कांस्यपदके मिळवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्हुस येथे उपउपांत्य फेरीत डेन्मार्कने भारताला हरवले.

२०२२ चे विजेतेपद : जर्मनी व कॅनडाला प्रत्येकी ५–० असे हरवून आणि चायनीज तैपेईकडून (तैवान) २–३ असा पराभव पत्करून भारत गटातून पुढे गेला. मलेशिया (उपउपांत्य) व डेन्मार्क (उपांत्य) यांच्याविरुद्धचे सामने ३–२ असे सुटले आणि दोन्ही वेळा पाचवी, निर्णायक लढत एच. एस. प्रणॉयने जिंकली. डेन्मार्कविरुद्ध घोटा दुखावला असताना पहिला गेम गमावूनही त्याने रासमुस गेमकेला १३–२१, २१–९, २१–१२ असे नमवले.

अंतिम सामन्यात समोर चौदा वेळा चषक जिंकलेला आणि गतविजेता इंडोनेशिया होता. लक्ष्य सेनने अँथनी गिंटिंगविरुद्ध पहिला गेम ८–२१ असा गमावल्यावर पुढचे दोन २१–१७, २१–१६ असे घेतले. सात्विकसाईराज रंकीरेड्डी व मुंबईचा चिराग शेट्टी यांनी मोहम्मद अहसान व केविन सुकामुल्जो यांना १८–२१, २३–२१, २१–१९ असे हरवले. दुसऱ्या गेममध्ये मॅचपॉइंट वाचवून त्यांनी ही लढत ओढून आणली. किदांबी श्रीकांतने जोनातन क्रिस्तीला २१–१५, २३–२१ असे हरवताच चषक भारताचा झाला. उरलेल्या दोन लढतींची गरज पडली नाही. श्रीकांत संपूर्ण स्पर्धेत अपराजित राहिला. जागतिक दर्जाची दुहेरीची जोडी हाताशी आल्यामुळे तीन गुणांचे गणित जुळले, हे या यशाचे वैशिष्ट्य. विजयाचा दिवस नाटेकरांच्या जन्मदिवसाशी जुळला. २८ जुलै २०२१ रोजी, म्हणजे जेमतेम दहा महिने आधी, त्यांचे निधन झाले होते.

२०२४ : चेंगडू येथे भारताने थायलंड व इंग्लंड यांना हरवले, गटात इंडोनेशियाकडून मात खाल्ली आणि उपउपांत्य फेरीत चीनकडून १–३ असा पराभव झाला. त्या सामन्यातला एकमेव गुण लक्ष्य सेनचा होता. पुढे चषक चीनने जिंकला.