आदिवासी कलाकेंद्रे : ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम वस्त्यांतील एका व्यवस्थेची पार्श्वभूमी

१४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग सोडून दशमान पद्धतीचा डॉलर स्वीकारला, तेव्हा एक डॉलरच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाच्या सालीवर रंगवलेल्या एका चित्राची रेखाकृती छापलेली होती. मूळ चित्र उत्तरेकडच्या आर्न्हेम लँडमधील चित्रकार डेव्हिड मलांगी यांचे होते. गुरमिरिंगू या पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीची, म्हणजे त्यांच्या कुळाच्या मालकीची कथा त्यात रंगवलेली होती. एका युरोपीय संग्राहकामार्फत ते पॅरिसला पोहोचले होते, आणि नोटेचा आराखडा करणाऱ्यांनी ते कुणा अनाम, बहुधा केव्हाच वारलेल्या कलाकाराचे असावे असे गृहीत धरले. मलांगी तर हयात होते, चित्रेही काढत होते. आपली आकृती देशभर लोकांच्या खिशात फिरते आहे, हे त्यांना मागाहून कळले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी त्यांना १००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य देऊन भरपाई केली.

आदिवासी कलाकारांना आधार देण्याच्या ऑस्ट्रेलियातील साऱ्या प्रयत्नांमागे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा आहे. चित्र काढणारा माणूस विकत घेणाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर राहतो, त्याची भाषा वेगळी, मालकीची कल्पना वेगळी. अशा वेळी दोघांच्या मध्ये कोण उभे राहणार आणि तो कुणाचा माणूस असणार? कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग हे या इतिहासातले मोठे शोध मानले जातात. माझ्या मते त्याहून मोठा शोध म्हणजे वस्तीच्या मालकीचे कलाकेंद्र.

या मधल्या जागेवर आरंभी मिशनरी होते. आर्न्हेम लँडच्या किनाऱ्यावरील मिलिंगिंबी आणि यिरकला येथील मेथडिस्ट मिशनांत सालीवरची चित्रे, टोपल्या आणि कोरीव वस्तू घेऊन दक्षिणेकडच्या शहरांत विकायला पाठवल्या जात. मध्य ऑस्ट्रेलियात, १८७७ मध्ये स्थापन झालेल्या हर्मन्सबर्ग या लुथेरन मिशनमध्ये आदिवासी चित्रकार आल्बर्ट नमतजिरा वाढले. १९३६ मध्ये रेक्स बॅटरबी हे गोरे चित्रकार त्या भागात चित्रे काढायला आले असताना नमतजिरा उंटांसह त्यांच्या सोबत हिंडले आणि मोबदल्यात जलरंग शिकले. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, मेलबर्नमध्ये त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि त्यातले एकूण एक चित्र विकले गेले.

पुढची हकिगत मात्र दुःखाची आहे. कीर्ती आणि पैसा दोन्ही असूनही नमतजिरा यांना गुरांसाठी जमीन भाडेपट्ट्याने मिळाली नाही आणि ॲलिस स्प्रिंग्ज गावात घरही बांधू दिले गेले नाही. १९५७ मध्ये त्यांना व पत्नी रुबिना यांना पूर्ण नागरिकत्वाचे हक्क मिळाले, परंतु त्यांचे नातेवाईक सरकारच्या पालकत्वाखालीच राहिले. याचा अर्थ असा की नमतजिरा दारू विकत घेऊ शकत होते, पण आप्तांना देऊ शकत नव्हते. आणि जवळ असेल ते वाटून घेणे हा तर त्यांच्या समाजाचा पहिला नियम. १९५८ मध्ये याच कारणावरून त्यांना शिक्षा झाली. ती त्यांनी पापुन्या येथील सरकारी वस्तीत भोगली आणि ऑगस्ट १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. मोठ्या गोतावळ्याचे पोट एकट्याच्या ब्रशवर चालवणाऱ्या या कलाकाराच्या पाठीशी स्वतःची म्हणावी अशी एकही संस्था नव्हती.

तशी संस्था अगदी वेगळ्या वाटेने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात उभी राहत होती. एर्नाबेला, म्हणजे आजचे पुकात्जा, येथील प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये १९४८ मध्ये हस्तकलेची एक खोली सुरू झाली. मिशनच्या मेंढ्यांची लोकर स्त्रिया कातत, विणत आणि तिचे गालिचे करत. त्यांवरची वळणावळणाची नक्षी मुली वाळूत आणि शाळेच्या वह्यांत आधीपासूनच काढत होत्या. १९७० च्या दशकात तिथे बाटिक आले, काही जणी ते शिकायला थेट इंडोनेशियातल्या योग्याकार्ताला जाऊन आल्या. हेच बाटिक पुढे यूटोपिया या वस्तीतल्या स्त्रियांपर्यंत पोहोचले, आणि त्यांच्यातल्याच एमिली कामे कंग्वारेये यांनी वयाच्या ऐंशीच्या जवळ पोहोचल्यावर मेणाची कढई बाजूला ठेवून कॅनव्हास हाती घेतला. एर्नाबेलाची ती खोली कधी बंद पडली नाही; देशातले सर्वांत जुने, अखंड चालू असलेले आदिवासी कलाकेंद्र म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, कारण बायकांच्या गालिच्यांना ‘कला’ म्हणायला समीक्षकांना फार वेळ लागला.

लिहिले जाते ते पापुन्याविषयी. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवरची ही वस्ती पिंटुपी, लुरित्जा, वार्लपिरी, अन्मात्येर आणि अरेर्न्त अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांना त्यांच्या मुलुखातून आणून एकत्र वसवण्यासाठी बांधलेली होती. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचे तरुण शिक्षक तिथल्या शाळेत आले. त्यांच्या प्रोत्साहनाने वस्तीतल्या ज्येष्ठ पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पुराकथेचे मोठे चित्र रंगवले. मुंग्यांची पहिली आकृती गोऱ्यांच्या पद्धतीची, पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आली होती; ती बदलून वडीलधाऱ्यांनी आपल्या परंपरेतले चिन्ह काढले. त्यानंतर हार्डबोर्डचे तुकडे, फरशीचे लिनोलियम, फळांच्या खोक्यांच्या फळ्या, जे हाती लागेल त्यावर चित्रे सुरू झाली. त्याच वर्षी कापा त्जाम्पित्जिन्पा यांना ॲलिस स्प्रिंग्जमधल्या कला स्पर्धेत विभागून पहिले पारितोषिक मिळाले. १९७२ मध्ये ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. तिचे भागधारक कलाकारच होते आणि आजही तेच आहेत. बार्डन त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने तिथून निघून गेले आणि काही वर्षांत शाळेच्या भिंतीवरचे ते चित्रही रंग फासून झाकले गेले. कंपनी मात्र टिकली, हे विशेष.

टिकली यामागे बाजारापेक्षा सरकारचा हात मोठा होता, हे स्पष्ट सांगायला हवे. १९७३ मध्ये आदिवासी कला मंडळ स्थापन झाले. त्याचे सर्व सदस्य आदिवासी होते. ज्या राष्ट्रीय कला परिषदेचा ते भाग होते, तिचे अध्यक्ष होते नोटेच्या प्रकरणातले तेच कूम्ब्स. पापुन्याची चित्रे कुणी विकत घेत नव्हते त्या वर्षांत या मंडळाने ती घेतली आणि परदेशांतील प्रदर्शनांना पाठवली. १९७६ मध्ये आदिवासी संस्थांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि वस्तीच्या मालकीचे, निवडून दिलेल्या सदस्य मंडळाचे केंद्र कायदेशीररीत्या उभे करणे सोपे झाले. मग केंद्रे वाढत गेली आणि उत्तरेत व मध्य वाळवंटात त्यांचे महासंघही झाले. १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या कलाकारांचे एक गाजलेले प्रदर्शन भरले. त्यात युएंडुमू वस्तीच्या वार्लपिरी पुरुषांनी जमिनीवर चित्र मांडले होते, आणि त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणू भागातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचीही चित्रे होती.

असे केंद्र म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहण्यासारखे आहे. पत्र्याचे छप्पर, सिमेंटची जमीन, त्यावर अंथरलेला कॅनव्हास, भोवती मांडी घालून बसलेल्या आज्या आणि मधून मधून हाकलून लावावी लागणारी कुत्री. ब्रश, रंग, ताणलेला कॅनव्हास केंद्र पुरवते. चित्र पुरे झाले की केंद्रातला कर्मचारी त्याचा फोटो काढतो, कलाकाराकडून त्यातली कथा जेवढी बाहेर सांगता येण्याजोगी आहे तेवढी लिहून घेतो आणि मागच्या बाजूला नोंदणी क्रमांक टाकतो. त्या क्रमांकाचे प्रमाणपत्र चित्राबरोबर जाते. विक्रीच्या रकमेतून साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा कलाकाराला मिळतो, उरलेल्यातून केंद्र चालते. कागदोपत्री काम एवढेच. प्रत्यक्षात याच खोलीत सरकारी अर्ज भरले जातात, बँकेला फोन लावले जातात आणि कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर गाडीही इथूनच निघते.

केंद्राच्या बाहेर दलाल आहेत. त्यांना तिकडे ‘कार्पेटबॅगर’ म्हणतात. नावाजलेल्या वृद्ध कलाकारांना शहरातल्या मोटेलच्या खोलीत बसवून चित्रे काढून घ्यायची आणि मोबदल्यात जुनी मोटार, रोख चिल्लर किंवा दारू द्यायची, अशा तक्रारी सिनेटच्या चौकशी समितीपुढे आल्या. समितीचा अहवाल जून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातूनच विक्रेत्यांसाठी आचारसंहिता तयार झाली, पण ती ऐच्छिक आहे; ज्याला पाळायची नाही त्याच्यावर तिची सक्ती नाही. २००७ मध्येच पापुन्याचे चित्रकार क्लिफर्ड पॉसम त्जापल्त्जारी यांचे, १९७७ मध्ये १२०० डॉलरला विकलेले एक मोठे चित्र लिलावात २४ लाख डॉलरला गेले. क्लिफर्ड पॉसम २००२ मध्येच वारले होते आणि त्या रकमेतून त्यांच्या वारसांना देणे लागावे असा कायदा तेव्हा नव्हता. जून २०१० पासून पुनर्विक्रीच्या किमतीवर पाच टक्के स्वामित्वशुल्क देणे बंधनकारक झाले आहे.

नकलेविरुद्धचा लढा त्याआधीच न्यायालयात पोहोचला होता. व्हिएतनाममध्ये विणून घेतलेले गालिचे ऑस्ट्रेलियात विकले जात होते आणि त्यांवर यिरकलाच्या बंडुक मरिका यांच्यासह आठ आदिवासी कलाकारांच्या आकृत्या विनापरवाना उतरवल्या होत्या. त्या आकृत्या पवित्र पुराकथांच्या होत्या, आणि गालिचा पायदळी तुडवला जातो. समाजाच्या नियमानुसार या अवमानाचा जाब कलाकारालाच द्यावा लागतो, कारण आकृती जपण्याची जबाबदारी त्याची. १९९४ च्या निकालात न्यायमूर्तींनी ही सांस्कृतिक हानी भरपाईत धरली आणि सुमारे १,८८,००० डॉलर मंजूर केले. मृताचे नाव उच्चारू नये या प्रथेचा मान राखून निकालपत्रात दिवंगत कलाकारांचा उल्लेख त्यांच्या गणनामाने, म्हणजे नातेगटाच्या नावाने, केला गेला.

तरीही बाजारातला खोटा माल हटलेला नाही. सरकारी उत्पादकता आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१९–२० मध्ये आदिवासी कला व हस्तकलेवर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले, आणि स्मरणवस्तूंवरच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग अस्सल नसलेल्या वस्तूंवर गेला. अशा वस्तूंवर तसे लेबल सक्तीचे करावे, अशी आयोगाची शिफारस आहे. पारंपरिक ज्ञान व सांस्कृतिक मालमत्तेच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा आणण्याचे आश्वासन सरकारने जानेवारी २०२३ च्या राष्ट्रीय सांस्कृतिक धोरणात दिले.

कलेचा पैसा वस्तीत आला की त्याचे काय होते, याची दोन उदाहरणे इथे नोंदवण्यासारखी आहेत. किंटोर आणि किविरकुरा या पश्चिमेकडच्या वस्त्यांतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी पाचशे किलोमीटर किंवा त्याहून दूर ॲलिस स्प्रिंग्जला कायमचे राहायला जावे लागे, आणि बहुतेकांचा अंत मुलुखापासून दूर होई. दोन्ही वस्त्यांच्या स्त्री-पुरुषांनी मिळून चार भव्य चित्रे काढली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीत त्यांचा आणि इतर कलाकृतींचा लिलाव झाला आणि दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू केले. दुसरे उदाहरण गवताचे. १९९५ मध्ये वाळवंटातल्या स्त्रियांच्या परिषदेने टोपल्या विणण्याचे वर्ग सुरू केले, कारण गवत फुकट मिळते आणि ते तोडायला गेले की मुलाबाळांसह रानात जाणे होते. त्या उपक्रमाचे नाव ‘त्जान्पी’, म्हणजे गवतच. २००५ मध्ये ब्लॅकस्टोन वस्तीतल्या बायकांनी गवत विणून खऱ्या आकाराची टोयोटा गाडी बनवली आणि डार्विनमधला राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार जिंकला.

नमतजिरा यांच्या चित्रांच्या कॉपीराइटचा प्रश्न या सगळ्याहून जुना आणि सर्वांत शेवटी सुटलेला. १९५७ च्या करारान्वये त्यांच्या हक्कांचा काही भाग एका प्रकाशन संस्थेकडे गेला होता. उरलेले हक्क वारसांच्या वतीने सांभाळणाऱ्या सरकारी विश्वस्ताने १९८३ मध्ये कुटुंबाला न विचारता त्याच संस्थेला ८५०० डॉलरला विकून टाकले. २००५ मध्ये कॉपीराइटची मुदत मृत्यूनंतर पन्नासवरून सत्तर वर्षांवर गेल्याने हे हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू राहणार, म्हणून कुटुंबीय आणि त्यांच्या पाठीराख्यांनी ते परत मिळवण्याचा आग्रह सोडला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे आले. किंमत ठरली एक डॉलर. नमतजिरा यांचे वंशज आज ॲलिस स्प्रिंग्जमधल्या इल्त्जा न्त्जारा या कलाकेंद्रात चित्रे काढतात, तीही जलरंगातच.