नवी चाकं बसवायची? मग सायकलही घेऊन या

सराव आणि शर्यत, दोन्हीला चालेल अशी चाकांची एकच जोडी मिळेल का, असं बरेच जण विचारतात. मिळेल. ॲल्युमिनियमची रिम, आतली रुंदी १९ ते २१ मिमी, पुढे २४ आणि मागे २८ स्पोक. वजनदार स्वारासाठी मागे ३२. स्पोक तुटला तर सहज मिळतो, आउट (चाकाचा वाकडेपणा) झटकन निघतो. सरावाला दणकट टायर वापरा, शर्यतीच्या आठवड्यात हलके चढवा. रिमचे शे-दोनशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा चांगल्या टायरनं जास्त फरक पडतो. पन्नास मिमीच्या खोल रिमा सपाटीवर धावतात खऱ्या, पण आडवा वारा सुटला की पुढचं चाक हँडल ओढतं. अंगानं हलके असाल तर पुढे उथळच घ्या.

शर्यतीसाठी वेगळी जोडी ठेवणाऱ्यांची मात्र एक चूक ठरलेली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नुसती चाकं घेऊन आमच्या दुकानात येतात: "फक्त कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) चढवून द्या." सकाळी ब्रेकची डिस्क पॅडला घासते, गिअर उड्या मारतात आणि फोन आम्हाला येतो.

डिस्क आणि पॅड यांच्यात दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटरही जागा नसते. दोन कंपन्यांच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) डिस्क तंतोतंत एकाच जागी येत नाही, कॅसेटही किंचित सरकते. अकरा स्पीडच्या (मागे अकरा गिअरच्या) हबवर दहाची कॅसेट असेल तर तिच्यामागे १.८५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी रिंग) लागतो. तो राहिला की कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट हलतेच. शिवाय सरावात ताणलेली चेन नव्या कॅसेटवर जोर दिला की दात सोडते. हे सगळं सायकलवर चाक लावल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून आम्ही सायकल ठेवून घेतो. "दहा मिनिटांचं काम" म्हणून कुरकुर होते, पण डिस्कमागे शिम (पातळ चकती) घालून दोन्ही जोड्या एकदा जुळवल्या की पुढे घरच्या घरी चाक बदला, ब्रेकला हात लावावा लागत नाही. दोन्ही जोड्या एकाच हबच्या घेतल्या तर काम आणखी सोपं. आमच्याकडून घेतल्यास जुळवणीचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर स्पोकचा ताणही आम्हीच तपासून देतो.

रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचे पॅड थेट रिमवर दाबतात) कार्बन रिमला वेगळे पॅड ठेवावेत. जुन्या पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे कण महागडी रिम खरवडतात. डिस्कवाल्यांनी गाडीत सायकल टाकताना चाक काढलं की ब्रेक लिव्हर दाबू नये. पॅड जवळ येतात, मग डिस्क आत शिरत नाही.

शर्यतीच्या चार दिवस आधी तरी या. सायकल, दोन्ही जोड्या, आता लावलेली चेन आणि हो, थ्रू ॲक्सल (चाक फ्रेमला अडकवणारा दांडा) घरी विसरू नका.