दम लागतो तेव्हा रक्त का तपासतात?

२०२१च्या एप्रिलात, कोविड झालेल्या मामांच्या बोटावरचा परभणीला ऑक्सिमीटर ८६च्या वर सरकत नव्हता, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : डी-डायमर. म्हणजे गुठळ्यांचा अंदाज देणारी तपासणी. मामी म्हणाल्या, "दम लागायलाय, अन् रक्त कामून तपासायलेत?" प्रश्न चोख होता.

उत्तर रक्तवाहिनीच्या अस्तरात आहे. पेशींचा हा एकेरी थर. १८६५मध्ये विल्हेल्म हिस यांनी त्याला एंडोथेलियम म्हटलं आणि पुढे शंभरेक वर्षं तो नळीच्या आतला गिलावा समजला गेला. १९६४मध्ये वायबेल आणि पॅलेड यांना या पेशींत दांडीसारख्या बारीक पिशव्या दिसल्या, पण त्या कशासाठी आहेत ते तेव्हा कळेना. १९७३मध्ये बाळाच्या नाळेतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत नीट वाढू लागल्या. (आपण नाळ पुरतो, तिकडे तिच्यावर एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली.) १९८०मध्ये फर्चगॉट यांनी दाखवलं की सशाच्या धमनीचं अस्तर घासून काढलं, की एरवी धमनी सैल करणारं ॲसिटिलकोलीन देऊनही ती सैल पडत नाही. म्हणजे सैल करणारा पदार्थ अस्तरातूनच सुटतो; तो नायट्रिक ऑक्साइड निघाला. आणि तो तयार व्हायलाच ऑक्सिजन लागतो.

ऑक्सिजन घटला म्हणून अस्तर लगेच मरत नाही. या पेशी बरीचशी ऊर्जा ऑक्सिजनशिवाय, साखर फोडूनच मिळवतात. मरत नाहीत, पण वागणं बदलतात. काही मिनिटांत त्या पिशव्या फुटून व्हॉन विलब्रँड घटकाचे, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे, चिकट धागे बाहेर येतात. त्यांना प्लेटलेट अडकून गुठळी धरू लागते, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, पेशींमधले सांधे ढिले होऊन पाणी झिरपतं. तासाभराने खेळ जनुकांपर्यंत पोचतो. १९९०च्या दशकात सेमेन्झा यांनी शोधलेलं एचआयएफ हे प्रथिन ऑक्सिजन असताना सतत मोडलं जातं. तो घटला की साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायचा हुकूम देतं. २०१९चं नोबेल या कामाला मिळालं.

कोविडमध्ये सगळं खापर ऑक्सिजनवर फोडता येत नाही. दाहानेही हेच अस्तर सोलवटतं. एकावर एक.

मामांना पोटात रोज हेपॅरिनचं, म्हणजे गुठळ्या रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन असायचं. घरी आल्यावर मामींनी त्यांचा सदरा वर करून दाखवला : बेंबीभोवती निळेजांभळे डाग, रुपयाएवढे.