सायकल-कयाक सहलीची वेळ रोज का बदलते? देवबाग-तारकर्लीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दिवसभराच्या सहलीचं बुकिंग झालं की पुढचा फोन ठरलेला असतो. "आमच्या मित्रांना तुम्ही सकाळी साडेसहाला बोलावलं होतं, आम्हाला दुपारी एकची वेळ कशी?" किंवा "त्यांची आधी सायकल झाली, आमची आधी कयाक का?" आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, "नाश्ता करून आरामात दहापर्यंत आलो तर चालेल ना?"

या प्रश्नांचं उत्तर एकच आहे, भरती-ओहोटी, आणि ते फोनवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही. म्हणून हे माहितीपत्रक. मालवणला निघण्यापूर्वी, शक्यतो राहण्याचं बुकिंग करण्यापूर्वीच, ते वाचा.

आपण ज्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घालतो ती कर्ली नदीची खाडी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली आणि मधे देवबागची चिंचोळी, माडांनी भरलेली पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. पाहुण्यांबरोबरची शाळकरी मुलं हमखास विचारतात, की हा त्रिभुज प्रदेश का? नाही. गोदावरी आणि कृष्णा लांबचा प्रवास करून गाळ आणतात आणि पूर्व किनाऱ्यावर पसरून फाटे फोडतात. सह्याद्रीतून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या, शिवाय भरती-ओहोटी त्यांच्या मुखातला गाळ हलवत राहते. त्यामुळे आपल्याकडे खाड्या तयार होतात. तरी वाळू, कांदळवन, आतली खाजणं (भरतीचं पाणी शिरतं ती सखल जमीन), पाण्याच्या बारीक वाटा हे सगळं कर्लीच्या मुखाशी आहेच. संगमाजवळचे वाळूचे दांडे तर दर पावसाळ्यात जागा बदलतात. त्सुनामी आयलंड म्हणून पर्यटकांना दाखवतात तोही असाच वाळूचा दांडा.

या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. म्हणजे आज 10 वाजता भरती असेल, तर उद्या ती 11 च्या थोडी आधी. रोज सुमारे 50 मिनिटं पुढे. आमची वेळ रोज बदलते ती यामुळेच.

घरी कालनिर्णय असेल तर तुम्हालाही अंदाज काढता येईल. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. निघालेली वेळ पहाटे-सकाळची आणि दुपार-संध्याकाळची, दोन्हींना लागू. हा हिशोब ढोबळ आहे. किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून मालवणला ती मुंबईच्या आधी येते. मोबाइलवर मुंबईची वेळ पाहून इकडे येऊ नका. खाडीच्या आत पाणी संगमापेक्षा उशिरा चढतं, तेही धरावं लागतं. आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाचे भरतीचे तक्ते पाहतो, त्यात आपल्या धक्क्याचा, म्हणजे कयाक सुटते त्या जागेचा, फरक मिळवतो आणि मगच तुम्हाला वेळ कळवतो.

आता सहलीचा क्रम कसा लागतो ते पाहा. भरतीचं पाणी आत शिरत असताना आपण त्याच्याबरोबर वरच्या अंगाला जातो. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं, तेव्हा आपण कांदळवनाच्या आतल्या वाटांमध्ये असतो. ओहोटीची सुरुवात झाली की तिच्याबरोबर परत. जाताना पाणी ढकलतं, येतानाही ढकलतं. आयुष्यात कधी वल्हं न धरलेला माणूस अडीच-तीन तास कयाकमध्ये मजेत बसतो त्याचं कारण हे आहे.

म्हणून पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सकाळी 9 ला कयाक, जेवण आणि दुपार कलल्यावर सायकल. तृतीया-चतुर्थीला सकाळी सायकल, एकच्या सुमारास कयाक. अष्टमीच्या आगेमागे संध्याकाळची कयाक आणि पाण्यावरून सूर्यास्त. एकादशीला उजाडता-उजाडता पाण्यात. तुमच्या मित्रांची वेळ वेगळी होती कारण ते वेगळ्या तिथीला आले होते.

उशीर झाला तर काय होतं

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो या एका गोष्टीत. वाहतुकीत तासभर उशीर झाला तर हॉटेलात खोली तुमच्यासाठी थांबते, स्कूबाची बोट पुढच्या फेरीला घेते. भरतीला पुढची फेरी नाही. ती 12 तासांनी, म्हणजे तुमच्या दिवसापुरती गेलीच.

समजा, पौर्णिमेला 9 ची वेळ दिली आहे आणि गट पावणेअकराला पोचला. जॅकेट, सूचना, वल्हं धरायचा सराव यात अर्धा तास जातो. पाण्यात उतरेपर्यंत भरती संपत आलेली. आत जायचं अर्धं अंतर बाकी असतानाच पाणी फिरतं आणि वल्ही उलट्या ओढीवर मारावी लागतात. नवख्या माणसाचे खांदे वीस मिनिटांत भरून येतात. कसेबसे आत पोचलो, तर ज्या वाटांसाठी आलो त्या रिकाम्या व्हायला लागलेल्या असतात. ओहोटीला तिसऱ्या-चौथ्या तासात ओढ सर्वांत जोरकस असते. कांदळाच्या मुळांवर मघाशी बुडालेली कालवं (खडबडीत शिंपले) उघडी पडतात, त्यांची धार पात्याइतकी तीक्ष्ण. वाट आटली की उतरून कयाक ओढावी लागते, आणि चिखल गुडघ्यापर्यंत. परत येताना ओहोटी मदत करते हे खरं, पण धक्क्याशी आल्यावर तीच ओढ थेट संगमाकडे नेत असते. तिला आडवं कापून काठाला लागणं हे सरावाच्या माणसाचं काम आहे.

म्हणून आमचा नियम असा : दिलेल्या वेळेपेक्षा 30 मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर आतल्या वाटांची फेरी होत नाही. आम्ही तुम्हाला धक्क्याजवळच्या संथ पाण्यात तासभर फिरवतो आणि बाकीचा वेळ सायकलला देतो. पैसे कमी होत नाहीत, कारण दोन्ही गाइड आणि सामान त्या भरतीसाठी तुमच्या नावावर राखून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या गटाला आम्ही नाही म्हटलेलं असतं. काही जणांना हे कडक वाटतं. पण शंभर टक्के पैसे घेऊन पन्नास टक्के खाडी दाखवणं आम्हालाही नको आहे. आमची खरी इच्छा एवढीच, की तुम्ही वेळेवर यावं.

उशिराची कारणंही ठरलेली आहेत. पहिलं, मालवण ते देवबाग रस्ता. नकाशात अंतर किरकोळ दिसतं, पण रस्ता अरुंद आहे. दिवाळी, नाताळ आणि सलग सुट्ट्यांत वाटेतल्या वायरी गावापासून गाड्या अडकतात. नकाशा जेवढा वेळ दाखवेल त्याच्या दुप्पट धरा. दुसरं, आदल्या रात्री पुण्याहून गाडी हाणत येणं किंवा कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरून थेट आमच्याकडे येणं. गाडी वेळेवर आली तरी झोप झालेली नसते आणि कयाकमध्ये डुलकी परवडत नाही. एक रात्र आधी येऊन राहा. तिसरं कारण नाश्ता. होमस्टेमध्ये घावणे तव्यावरून उतरायला लागले की कोणी उठत नाही, हे आम्ही समजू शकतो. त्यावर आम्ही सोय केली आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत सांगितलंत तर घावणे, चटणी आणि चहा आमच्या धक्क्यावर तयार मिळेल, सहलीच्या दरातच. पोट भरून कयाकमध्ये बसण्यापेक्षा थोडं खाऊन बसलेलं चांगलं. माशांचं ताट परत आल्यावर, आमच्या शेजारच्या घरात, चुलीवरचं.

"संगमाकडे का नेत नाही?"

डॉल्फिन बघायला किंवा त्सुनामी आयलंडला कयाकने नेता का, असं बरेच जण विचारतात. नेत नाही. तिथे मोटरबोटींची सतत ये-जा असते, मुखाच्या वाळूवर लाटा फुटतात आणि ओहोटीची ओढ बाहेर समुद्रात जाते. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समोरून आलेला, की पाण्यावर आखूड, उभ्या लाटा तयार होतात. त्यात कयाक उलटायला वेळ लागत नाही. दुपारची फेरी असली की आम्ही कांदळवनाच्या आडोशानेच जातो तेही यासाठीच. संगम पाहायचा असेल तर परवाना असलेल्या बोटीने जा, आम्ही ओळखीची बोट ठरवून देऊ.

आत कांदळवनात मात्र घाई करायची नाही. पाणी थबकतं ती दहा-पंधरा मिनिटं आम्ही सगळ्यांना वल्ही मांडीवर ठेवायला सांगतो. तिवराचं पिवळं पान पाण्यावर पडलेलं असतं, ते आत सरकत सरकत थांबतं, थोडा वेळ जागच्या जागी फिरतं आणि मग हळूच उलट निघतं. लहान मुलांना ते आधी दिसतं. चिप्पीच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली टोकदार श्वासमुळं दिसतील. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. फांदी धरून कयाक थांबवू नका, कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे आणि फांदी मोडली तर पुन्हा लवकर फुटत नाही. खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार दिसतातच, आवाज कमी असेल तर जवळून. वाटेत कोणी पाग (मासे धरायचं फेकजाळं) टाकत असेल तर लांबून वळसा घालायचा. ती त्यांची कामाची वेळ असते, त्यात फोटोसाठी थांबायला सांगू नका.

सायकलचं थोडक्यात

दोन वाटा आहेत. सोपी वाट तारकर्ली-देवबाग पट्टीतली, वाड्यांमधून आणि माडांखालून, जवळजवळ सपाट. दुसरी मालवणहून कुंभारमाठ, चौकेमार्गे धामापूर. अंतर एका बाजूने 16 किलोमीटरच्या आसपास. मालवण सोडल्यावर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढायचा एक चढ लागतो, तो दमवतो. त्यानंतर झाडी सुरू होते आणि धामापूरचा तलाव गाठला की श्रम विसरायला होतं. हा तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशात स्थान मिळालं. परतताना वारा तोंडावर असतो, म्हणून नको असेल त्यांच्या सायकली आम्ही टेम्पोत चढवून आणतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. सायकली गिअरच्या आहेत, तीन मापांच्या आहेत. सीट आम्ही तुमच्या उंचीला लावून देतो, पण उंची बुकिंगच्या वेळीच कळवा. आल्यावर सगळ्यांची सीट खालीवर करत बसलो की पुन्हा भरती पुढे सरकते.

कोणता दिवस घ्यावा

तारखा हातात असतील तर आधी आम्हाला विचारा, मग खोली घ्या. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, ओढ सौम्य असते. सर्वांत अरुंद वाटांमध्ये तेव्हा जाता येत नाही, पण संध्याकाळचं खाडीचं पाणी त्याची भरपाई करतं. अंगात जोर असेल आणि आत शेवटपर्यंत जायचं असेल तर पौर्णिमा-अमावस्येचं उधाण. शनिवारीच यायचं ठरलं असेल तरी लागोपाठच्या दोन शनिवारांच्या वेळा अगदी वेगळ्या असतात (एकाआड एक शनिवारी वेळ साधारण तीच येते), त्यातला तुमच्या घरच्यांना सोसवेल असा आम्ही काढून देऊ. मधल्या वारी आलात तर रस्ता मोकळा, खाडी मोकळी आणि गाइडचं लक्षही जास्त.

मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा शासकीय नियमानुसार बंद असतात. त्या काळात कयाक कोणी दिली तरी घेऊ नका.

येताना पट्ट्याची सँडल घाला. चप्पल चिखलात राहते आणि अनवाणी पाय कालवांनी कापतो. लाइफ जॅकेट पोहणाऱ्यांनाही सक्तीचं आहे, यावर चर्चा नाही. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर पाण्यात उतरू देत नाही, पैसे परत मिळत नाहीत. मोबाइलसाठी पाण्यापासून जपणारी पिशवी आम्ही देतो. चष्म्याला दोरी तुम्ही आणा. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही.

बुकिंगच्या मेसेजमध्ये प्रत्येकाचं वय, उंची, अंदाजे वजन, पोहता येतं की नाही आणि मालवणात कुठे उतरणार आहात एवढं लिहा. वजनावरून जोडीच्या कयाकमध्ये कोण कोणाबरोबर बसेल हे ठरतं, जड माणूस मागे. आदल्या संध्याकाळी 7 पर्यंत धक्क्यावर पोचायची पक्की वेळ आम्ही पाठवतो. तुमच्या मुक्कामाच्या जागेवरून किती वाजता निघायचं तेही त्यातच लिहिलेलं असतं. मेसेज वाचल्याचं उत्तर कृपया त्याच रात्री द्या.