कात्रजचा नळ आणि हार्वेचा हिशेब

शनिवारवाड्यात कात्रजचं पाणी यायचं ते नुसत्या उताराने. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून भुयारी नळ गावात आणला. वाटेत ठिकठिकाणी नळातली हवा सोडणारे उच्छ्वास, पेठांमध्ये हौद. बायका घागरी भरून न्यायच्या, पाणी वापरलं जायचं, उरलंसुरलं मुठेला मिळायचं. कात्रजकडे परत एक थेंबही जात नसे. तलाव भरायचं काम पावसाचं.

रक्ताभिसरणाच्या इतिहासावर लिहायला बसलं की मला हा नळ आठवतो. कारण चौदाशेहून अधिक वर्षं युरोपातले वैद्य रक्ताची वाट अशीच मानत होते. दुसऱ्या शतकातल्या गेलन नावाच्या वैद्याने ती आखून दिली होती. यकृत म्हणजे तलाव. अन्नापासून रक्त तिथे तयार होतं, नीलांमधून (शिरांमधून) अंगभर पसरतं आणि जिथे पोचतं तिथेच जिरतं. त्यातलं थोडं हृदयाच्या उजव्या भागातून डाव्या भागात झिरपतं, मधल्या पडद्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांमधून. तिथे त्यात हवेतलं चैतन्य मिसळतं आणि ते रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) जातं. गेलनला हसण्यात अर्थ नाही. तो ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणारा वैद्य होता; रोहिण्यांमध्ये हवा नसून रक्तच असतं हे त्यानेच प्रयोगाने दाखवलं. पण माणसाचं प्रेत फाडून बघण्याची सोय त्याला नव्हती. माकडं आणि डुकरं यांच्यावर भागवावं लागलं.

आपल्याकडेही चरकसंहितेत रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा असंच सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत हृदय म्हणजे खाली तोंड केलेलं कमळ. जागेपणी उमलतं, झोपेत मिटतं. कल्पना सुंदर आहे, पण झोपेत हृदय मिटून राहिलं तर सकाळ बघायला मिळणार नाही. ‘हृ म्हणजे घेणं, द म्हणजे देणं, य म्हणजे फिरणं, म्हणजे आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर अधूनमधून येतो. बृहदारण्यक उपनिषदात ‘हृदय’ शब्दाची अशी फोड खरोखर आहे, पण तिथे विषय ब्रह्माचा चालला आहे. रक्ताचा तिथे काही संबंध नाही.

शब्दांचंच निघालं म्हणून सांगतो. अभिसरण म्हणजे कुणाकडे तरी जाणं. अभिसारिका त्याच धातूतून येते. त्यात परत फिरणं कुठेच नाही. म्हणजे जो शोध मुळात वर्तुळाचा होता, त्याला मराठीत मिळालेलं नाव कात्रजच्या नळाला जास्त शोभेल.

मधल्या पडद्याची गोष्ट कुणालाही घरी तपासता येते. खाटकाकडून बकऱ्याचं दिल आणायचं, उभं चिरायचं. उजव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत पातळ लागते, डावीची चांगली जाड, कारण उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलायचं असतं आणि डावीला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत. दोन्हींच्या मधला ‘पडदा’ चिमटीत धरून दाबला की कळतं, हा पडदा नव्हे, ही भिंत आहे, सलग स्नायूची. कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-नफीस या वैद्याने १२४२ मध्ये हेच लिहिलं: छिद्रं नाहीत, रक्त उजवीकडून डावीकडे जातं ते फुप्फुसांमधून. त्याचं हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात पुन्हा हाती लागेपर्यंत युरोपला या लिखाणाचा जवळजवळ पत्ताच नव्हता. १५४३ मध्ये शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस यालाही ती छिद्रं दिसली नाहीत, पण त्याने देवाच्या करणीचं आश्चर्य व्यक्त करून तो विषय सोडून दिला.

मग आला विल्यम हार्वे. इंग्लंडच्या राजाचा वैद्य, शिकलेला इटलीतल्या पादुआला. तिथे त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी नीलांमध्ये छोट्या झडपा दाखवल्या होत्या. त्या रक्ताचा वेग कमी करण्यासाठी असाव्यात असं गुरूंना वाटलं. हार्वेने वेगळा प्रश्न विचारला, आणि तो कुठल्याही किराणा दुकानदाराला सुचेल असा होता: माल जातो किती आणि येतो किती? एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम १५ ग्रॅम रक्त बाहेर पडतं असं धरू. अर्ध्या तासात हजार ठोके. झालं १५ किलो! आख्ख्या शरीरात एवढं रक्त नसतं, आणि अर्ध्या तासात एवढं रक्त बनेल इतकं जेवण कुणी जेवत नाही. तेव्हा तेच रक्त पुन्हा येत असलं पाहिजे. हार्वेचा अंदाज फारच कमी होता. विश्रांतीच्या वेळी ठोक्यागणिक साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७ हजार लिटरच्या वर. आपल्या सोसायटीत येणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरचा पाऊण भाग, आणि हे काम मुठीएवढ्या स्नायूचं.

झडपांचा पुरावा त्याने उघड्या हातावर दिला. दंडाला फडका जरा घट्ट बांधा. कोपराखालच्या निळ्या नीला फुगतात आणि त्यांच्यावर मधेमधे गाठी दिसतात; त्या झडपा. मनगटाच्या बाजूला नीलेवर एक बोट दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त सारत एका गाठीच्या पलीकडे न्या आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. आता पहिलं बोट उचला. खालून क्षणात भरतो. पंपाच्या पाइपला प्लंबर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवतात, तेच काम. रक्त नीलांमधून फक्त हृदयाकडे जातं, हे सांगायला याहून जास्त काही लागत नाही.

१६२८ मध्ये फ्रँकफर्टला त्याचं ७२ पानांचं लॅटिन पुस्तक छापलं गेलं. त्यानंतर त्याची प्रॅक्टिस पडली म्हणतात. डोकं फिरलेल्या वैद्याकडे कोण जाणार? आणि एक खिंडार त्यालाही बुजवता आलं नव्हतं. रोहिणीतलं रक्त नीलेत जातं कुठून? १६६१ मध्ये माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरं झालं. हार्वेला जाऊन तेव्हा ४ वर्षं झाली होती.

पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभं राहिलं आणि १८७१ मध्ये पुढच्या बी. जे. मेडिकल कॉलेजची मूळ वैद्यकीय शाळा निघाली. पहिल्या तुकड्यांना हार्वे तयार मिळाला, स्टेथोस्कोपही मिळाला. तो १८१६ पासून होता. पण त्यांनी कुणाचं ‘बीपी’ मोजलं नसणार. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याने दाब मोजण्याची रीवा-रोची या इटालियन डॉक्टरची पद्धत १८९६ ची, आणि तिच्यात बोटाने नाडी बघावी लागे, त्यामुळे फक्त वरचा आकडा कळायचा. खालचा आकडा कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये मिळवला, पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून. हवा भरली की रोहिणी दबते आणि सगळं शांत. हवा सोडत गेलं की पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. आवाज थांबतो, तो खालचा.

त्याच्याही आधी, इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने घोडीच्या रोहिणीत नळी घालून वर उभी काच जोडली होती. १७३३ मध्ये त्याने छापलं की रक्त ८ फूट ३ इंच चढलं. माणसाचा १२० चा दाब पाण्याने मोजायचा तर दीड मीटरहून उंच नळी लागेल. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तो टेबलावर मावला. आता पारा विषारी म्हणून दवाखान्यांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. पर्वतीच्या पायथ्याशी कुणी बीपी तपासायचं टेबल मांडलं तर त्यावर बॅटरीचं यंत्र असतं. त्यात पारा औषधालाही नसतो, पण पडद्यावर येणारा आकडा अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच असतो.