मोबाईलवर घर दाखवताना कोठीचं झाकणही उघडा
(घरसामान हलवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पूर्वी घर हलवायचं म्हटलं की आमचा माणूस घरी यायचा, खोल्यांतून एक चक्कर मारायचा, वहीत सामान टिपायचा आणि चहा होईपर्यंत आकडा सांगायचा. आता बदलीची ऑर्डर हातात पडली की लोक जालन्याहून, परभणीहून, लातूरहून फोनवरच भाव विचारतात. त्यांना आम्ही एक लिंक पाठवतो. ती उघडून कॅमेरा घरभर फिरवायचा. सोफा, फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन संगणक चित्रावरून ओळखतो, प्रत्येकाचं माप धरतो आणि एकूण घनफूट काढतो. १४ फुटी गाडीचा हौदा ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच धरला, तर ५०० घनफुटांच्या आसपास जागा होते. सामान तेवढ्यात बसतं की १७ फुटी लागते, ते यावरून ठरतं. ‘एआय सर्व्हे’ म्हणतात तो हाच.

अंदाज बऱ्यापैकी जमतो. फसतो तो आपल्याकडच्या खास सामानाला. कॅमेऱ्याला पत्र्याची कोठी दिसते, आत वर्षाची ज्वारी आहे की जुन्या गोधड्या, ते दिसत नाही. दोन क्विंटल ज्वारी असेल तर भरलेली कोठी जिन्यावरून उतरवायची सोयच नाही. धान्य कट्ट्यांत काढावं लागतं, कट्टे वेगळे उचलावे लागतात आणि एक हमाल वाढतो. तीच गत पुस्तकांच्या कपाटाची, बॉक्सच्या दिवाणाची आणि माळ्यावरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची. पाटा-वरवंटा आणि जातं तर संगणक चक्क ‘शोभेची वस्तू’ म्हणून धरतो! म्हणून व्हिडिओ करताना झाकणं उघडा, दिवाणाची फळी वर करा, माळ्यावर टॉर्च मारा. जिना आणि गल्लीही दाखवा. नकाशावर रस्ता दारापर्यंत जातो, पण संभाजीनगरात गुलमंडीच्या आतल्या बोळात आयशर ट्रक शिरेल का, हे नकाशा सांगत नाही. तिथे मोठी गाडी बाहेर उभी करून छोट्या हत्तीने (लहान टेम्पोने) फेऱ्या माराव्या लागतात आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

संगणकाची यादी आमचा माणूस पुन्हा तपासतो, न दिसलेल्या वस्तूंबद्दल फोन करून विचारतो, आणि मगच दर लेखी देतो. यादीत नसलेली वस्तू निघाली नाही, तर दारात आल्यावर तो आकडा बदलत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर लगेच उत्तर येतं, ते यंत्राचं असतं. तारीख, पॅकिंग, पत्ता एवढं त्याला विचारा. दर त्याच्याकडून घेऊ नका.

यंत्राचा खरा फायदा परतीच्या गाडीत आहे. संभाजीनगरहून पुण्याला सामान टाकून गाडी रिकामी परतली, तर तिच्या डिझेलचा बोजा पहिल्याच ग्राहकावर पडतो. कोणती गाडी कुठे रिकामी होणार आणि कुणाचं सामान कुठून निघणार, याची सांगड पूर्वी आम्ही फोनाफोनी करून घालायचो. आता ॲप घालतं. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे चालत असेल तर जरूर सांगा, भाड्यात चांगला फरक पडतो. महिनाअखेर आणि शाळा सुरू होण्याआधीचे दिवस मात्र सगळ्यांनाच हवे असतात. तेव्हा सवलतीची आशा धरू नका.

गाडी निघाली की तिचा ठावठिकाणा मोबाईलवर दिसतो. संभाजीनगरजवळ सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलेली गाडी कुठवर पोचली, ते घरबसल्या कळतं. रेंज गेली की ठिपका थांबतो, गाडी चालूच असते. लगेच घाबरून ड्रायव्हरला फोन लावू नका. ठिपक्यावरून गाडीची जागा कळते, आतल्या काचेची खबर नाही. ती जबाबदारी पॅकिंगची आणि विम्याची. पुठ्ठ्याची खोकी, बबल शीट आणि दोरखंड आजही हातानेच बांधतो. तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज उतरवणारा रोबोट आमच्याकडे नाही, आमची माणसं आहेत.

यादीत संगणक गॅस सिलिंडरही धरतो, तो आम्ही खोडतो. भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत नेत नाही. गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्या. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. सोनंनाणं आणि कागदपत्रं स्वतःजवळ ठेवा, व्हिडिओत लॉकर दाखवू नका. सामान पोचतं झालं की तुमचा व्हिडिओ आम्ही पुसून टाकतो.

याच तंत्राने फसवणूकही सोपी केली आहे. शेकडो पंचतारांकित अभिप्राय यंत्राकडून घटकाभरात लिहून घेता येतात, मोठ्या कंपनीसारखी वेबसाइटही उभी करता येते. निम्म्या भावात सामान भरायचं आणि मध्येच गाडी थांबवून दुप्पट मागायचे, हा जुनाच धंदा आहे. ॲडव्हान्स देण्याआधी ऑफिसचा पत्ता पाहून या. २००७ च्या वाहतूक कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा. सामान भरताना बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) घ्या, तिच्यावर गाडीचा नंबर आणि वस्तूंची यादी असू द्या. अडवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, हे नंबर आधीच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

व्हिडिओ निघायच्या आठवडाभर आधी पाठवा, दिवसाउजेडी काढा. कोठीत धान्य असेल तर अंदाजे किती, ते तोंडी सांगितलं तरी चालेल.